गाभा कोसळल्यानंतर

तारांगणात तिला सगळे ‘तोफ’ म्हणत, अर्थात पाठीमागे. घुमटाखाली बसून ती माईकवर ताऱ्यांविषयी सांगायची आणि कुणी मोबाइल काढला, की माईकवरच त्याची खरडपट्टी काढायची. घरी सासूबाईसुद्धा आधी तिचा चेहरा बघत, मग बोलत.

तिचा जीव होता तो महाकाय ताऱ्यांच्या अखेरच्या काळावर. हायड्रोजन लाखो वर्षं पुरतो. मग हेलियम, मग कार्बन; पुढचं जवळजवळ प्रत्येक इंधन आधीच्यापेक्षा लवकर संपतं. सिलिकॉन तर जेमतेम दिवसभर. उरतं लोखंड, आणि लोखंडातून ऊर्जाच मिळत नाही. गाभा क्षणात कोसळतो, पण पृष्ठभागाला त्याचा पत्ता नसतो. काही तास तारा बाहेरून होता तसाच दिसतो. इथे ती गप्प व्हायची. वर तो तांबडा तारा आणि खाली श्वास रोखलेली माणसं. मग तिने सांगताच प्रोजेक्टरवाला स्फोटाचं बटण दाबायचा.

नव्या व्यवस्थापकाने कुणाच्या तरी गोड आवाजात निवेदन ध्वनिमुद्रित करून घेतलं आणि तिच्या शांततेत बासरी भरली. लोकांना यंत्र बिघडल्यासारखं वाटतं, म्हणाला. तिला उद्यापासून तिकीट खिडकी. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आख्खा तारा मरतोय आणि तुम्ही बासरी कसली वाजवता, असं तिने त्याच्या खोलीत जाऊन विचारलं. तो हसून मान डोलवत राहिला. भांडण्याच्याही लायकीची समजत नाही मेला, हे तिला जास्त झोंबलं.

तिच्या शेवटच्या खेळाला तो पाहुण्यांना घेऊन पहिल्या रांगेत बसला. तिने नेहमीसारखं सगळं सांगितलं. गाभा कोसळला, बाहेर अजून कुणालाही कळलेलं नाही, म्हणाली आणि थांबली. मग माईक बंद केला, पर्स उचलली, चपला हातात घेतल्या आणि बाजूच्या दाराने बाहेर पडली. डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही तिला राग आला.

ती फाटकाबाहेर पोचली, तेव्हा फोन वाजला. प्रोजेक्टरवाला कुजबुजत होता.

“ताई, कुठे आहात? सगळे अजून वर बघतायत. बटण दाबू का?”

तिने चपला पायांत सरकवल्या.

“दाब,” ती म्हणाली.