फळ्यावरचा पासवर्ड

आमच्या लालबागच्या चाळीत माझ्या खोलीत इंटरनेटची केबल आहे आणि ती थेट कॉम्प्युटरला लावलेली आहे. राऊटर जळला तेव्हा नवा बसवायला केबलवाला आज येतो, उद्या येतो करत राहिला. चाळ पुनर्विकासात जाणार, आता इथे कशाला काही बसवायचं, हा त्याचा हिशोब. मोबाईलची रेंज म्हणाल तर चहूबाजूंनी उंच इमारती उभ्या राहिल्यापासून गॅलरीच्या एका टोकालाच मिळते, आणि तिथे कायम पाचसहा जण. माझं काही अडत नव्हतं. ऑफिसात वीस वर्षं कॉम्प्युटरसमोर काढली, मला तारेवर चालणारंच बरं वाटतं.

शेजारच्या खोलीतली सून एका दुपारी आली आणि तिने दार लोटून घेतलं. आमच्याकडे दिवसा कोणी दार लोटत नाही, तेव्हाच मी समजले, काहीतरी आहे.

"ताई, शुक्रवारी अकराला माझा इंटरव्ह्यू आहे, लॅपटॉपवर. पंधरा मिनिटांत जॉइन झालं नाही तर लिंक बंद होते. तुमच्या नेटवर होईल का? आणि घरात सांगू नका हं, प्लीज."

मुलगा झाला तेव्हा तिने नोकरी सोडली, त्याला सहा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आलेलं हे दुसरं बोलावणं. पहिल्या वेळी तिने सासूला सांगितलं होतं. सासू म्हणजे आमच्या काकी. वाईट नाहीत हो, पण तोंडात तीळ भिजत नाही. कौतुकाने त्यांनी तळमजल्यापासून वरपर्यंत सांगितलं, गणपतीपुढे नारळ ठेवला. नकार आला, आणि मग महिनाभर नळावर, जिन्यात, भाजीवाल्यापाशी एकच प्रश्न, "काय गं, काय झालं तुझ्या नोकरीचं?" पोरगी जिना उतरायची बंद झाली होती.

मी तिला शब्द दिला.

तिचा लॅपटॉप इतका पातळ की त्याला केबल लावायला भोकच नाही, आणि माझ्या कॉम्प्युटरला ना कॅमेरा ना माईक. मग एकच उपाय, माझ्या कॉम्प्युटरनेच राऊटरचं काम करायचं. त्याला वायफायची बोटाएवढी कांडी खोचली, सेटिंगमध्ये जाऊन तारेवरून येणारं नेट वायफायवरून वाटायचं ठरवलं, नाव दिलं, पासवर्ड दिला. पहिल्यांदा चाललं आणि थोड्या वेळाने आपोआप बंद पडलं. पाचदहा शिव्या हासडल्यावर कळलं, कोणी जोडलेलं नसेल तर ते वीज वाचवायला स्वतःच झोपतं. ती सोय काढून टाकली. आता ते दिवसरात्र चालू राहणार होतं. मी स्वतःवर जाम खूश.

आणि मग माती खाल्ली. सून मुलाला शाळेत सोडायला गेली होती, म्हणून पासवर्डची चिठ्ठी मी काकींच्या हातात दिली. म्हटलं, सुनेला द्या, मुलाच्या अभ्यासाला नेट लागतं म्हणत होती.

शुक्रवारी पावणेअकराला सून माझ्या आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली. साडी नेसलेली, केस बांधलेले, घरी सांगितलेलं की शाळेत मीटिंग आहे. लॅपटॉप जोडला जाईना. दोनदा, तीनदा. मी माझ्या स्क्रीनवर बघितलं तर आठांपैकी आठ जागा भरलेल्या! हे असं वाटलेलं नेट आठच जणांना मिळतं, नववा बाहेर. पण आठ जण आले कुठून?

गॅलरीत धावले. टोकाला गर्दी नव्हतीच, जो तो आपापल्या दारात आरामात खुर्ची टाकून फोन बघतोय.

"अहो, माझं वायफाय बंद करा जरा!"

"का हो ताई? खाली फळ्यावर लिहिलंय की."

फळ्यावर! पाण्याची वेळ आणि मयताची बातमी लिहायच्या फळ्यावर काकींनी माझा पासवर्ड लिहवून घेतला होता. बिचारे सगळे टोकाला ताटकळतात म्हणून. बरं, कारण सांगावं तर शब्द दिलेला. "बंद करा म्हणते ना!" म्हणून ओरडले, तर सगळे हसायलाच लागले.

अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती. आत आले आणि पासवर्डच बदलून टाकला. आठच्या आठ एका झटक्यात बाहेर. नवा पासवर्ड सुनेच्या लॅपटॉपवर मीच टाकला. अकरा वाजून नऊ मिनिटांनी समोरून आवाज आला, "गुड मॉर्निंग, मॅडम." मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

तोवर काकी हजर. त्यांचा मुलगा बोटीवर असतो, आणि त्या आठांत एक फोन त्यांचा होता, त्याच्याशी व्हिडिओवर बोलणं चालू असलेला.

"माझो झील पंधरा दिसांनी दिसलो, नि तू मधीच कापलंस? इतक्या जड झाला तर देऊचाच नाय होता!"

मी कोणाचं ऐकून घेणारी नाही, सगळी चाळ जाणते. पण त्या दिवशी दाराला पाठ लावून उभी राहिले. "काकी, हळू बोला," एवढंच म्हणत होते. त्या श्वास घ्यायला थांबल्या आणि आतून आवाज आला, "हो सर, सहा वर्षांचा गॅप आहे. पण त्या काळात घरी बसून मी दोन कोर्स पूर्ण केलेत."

काकींनी आवाज ओळखला.

"माका कित्याक नाय सांगल्यान?"

मग त्याच म्हणाल्या, "माझ्या तोंडाक भियाली," आणि माझ्या उंबरठ्यावर बसल्या. मला फार वाईट वाटलं. नेट का गेलं विचारायला दोघंतिघं आली, त्यांना काकींनीच वाटेला लावलं, "मशीन बिघडला. जावा."

पाऊण तासाने सून बाहेर आली, सासूला बघून जागच्या जागी थिजली. काकी उठल्या. "चल, भात निवता," म्हणाल्या.

काकींच्या मुलाचा फोन पुढे कितीतरी दिवस लागला नाही. चाळीने मला कंजूष ठरवलं, नेट देऊन काढून घेतलं म्हणून नळावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. काकी तिथेच उभ्या असायच्या, हंडा भरायच्या आणि गप्प वर यायच्या.

तीन आठवड्यांनी नकार आला. सुनेने तो आम्हा दोघींना माझ्या खोलीत दार लोटून सांगितला. काकी रडल्या, ती नाही रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलाला घेऊन जिना उतरली, नळावरून, भाजीवाल्यावरून शाळेपर्यंत गेली आणि परत आली. तिला कोणीही काहीही विचारलं नाही.