टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलेली किल्ली

"किल्ली दिली म्हणतोस. कोणाच्या हातात दिलीस?"

साहेबांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या ऑफिसात आम्ही पाच जण होतो. साहेब, त्यांचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, अकाउंटंट, घर बघायला आलेलं एक केरळी जोडपं आणि मी. चौघं बसलेले. मी उभा. एक खुर्ची रिकामी होती. बस असं कोणी म्हणालं नव्हतं आणि मीही बसलो नव्हतो.

"इथं ठेवली होती, साहेब. या कोपऱ्यावर."

"माझ्या हातात दिलीस का? हो की नाही, एवढंच सांग."

"नाही."

"मग मला ती मिळालेली नाही. खलास."

अकाउंटंटकडे बघून ते इंग्रजीत काहीतरी गमतीचं बोलले. तो हसला. केरळी बाईनं मान खाली घातली. मग साहेब आवाज न चढवता मराठीत म्हणाले, "तुमच्यातल्यांना घर दिलं की हे असं होतं."

तुमच्यातल्यांना. त्या खोलीत हा शब्द फक्त दोघांना कळला. ज्यानं टाकला त्याला आणि ज्याच्यावर पडला त्याला. मी 'बरं' म्हणालो. काय बरं होतं त्यात, कोण जाणे. बाहेर येऊन गाडीच्या दाराला हात लावला. उन्हानं पत्रा पोळत होता. तरी मी बराच वेळ हात काढला नाही.

मी सर्व्हेअर. मूळचा लातूरकडचा. सिव्हिलचा डिप्लोमा केला, मुंबईत एजंटाकडे खेटे घातले आणि कतारला आलो. दुखानकडच्या रस्त्याचं काम चाललं होतं, त्यावर लागलो. नव्व्याण्णव साली बायकोला आणि तीन वर्षांच्या लेकीला आणायचं ठरवलं. इथं फॅमिली व्हिसा हवा तर स्वतःच्या नावावर घराचा करार दाखवावा लागतो. घर हवं तर वर्षभराचे चेक आधीच सही करून द्यायचे, महिन्याला एक, पुढच्या तारखांचे. म्हणजे ज्याच्याकडे चेकबुक नाही त्याला घर नाही. ज्याला घर नाही त्यानं बायको-पोरं फोनवर ऐकायची.

अल थुमामात एका व्हिलाचे तुकडे पाडून केलेल्या दोन खोल्या मिळाल्या. डोक्यावरून विमानं जायची. लेक प्रत्येक विमानाला हात करायची. घरमालक अरब होता, त्याला मी कधी बघितलं नाही. सगळा कारभार साहेबांच्या हातात. साहेब मराठी निघाले, पुण्याचे. मला तर आभाळ ठेंगणं झालं. परक्या मुलखात घर देणारा माणूस आपल्या भाषेत बोलतोय.

"अरे वा, तुम्ही आपल्यातलेच निघालात," ते म्हणाले. मग नाव विचारलं. मग पूर्ण नाव. मग गाव. मग गावात घर नेमकं कुठल्या बाजूला. मी सगळं खरं सांगितलं. करारावर सह्या होईपर्यंत तुम्हीचं तू झालं होतं. मी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. यात मी लहानपणापासून तयार होतो.

सात महिन्यांनी स्वयंपाकघराच्या मोरीतून गटाराचं पाणी वर यायला लागलं. तक्रार केली. पुन्हा केली. पाचव्या वेळेला लेकीच्या पायाला फोड आले होते. साहेब फोनवर म्हणाले, "जमत नसेल तर सोड घर. किल्ली आणून दे, उरलेले चेक फाडून टाकू." मी विश्वास ठेवला. बायको-लेकीला दोन महिन्यांसाठी लातूरला पाठवलं. त्या येईपर्यंत दुसरं घर बघून ठेवणार होतो. सामान मित्राकडे टाकलं आणि किल्ली द्यायला गेलो.

साहेब फोनवर बोलत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. किल्ली ठेव असं ते म्हणाले नाहीत. दे असंही म्हणाले नाहीत. मी आपणहून किल्ली टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. तिथलं सनमायका उखडलेलं होतं. ठेवली आणि एक पाऊल मागं सरलो.

हेच मला खातं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

माझे वडील गावात पाटलाच्या ओसरीवर काहीही द्यायचं असलं की असंच ठेवायचे. ठेवायचं आणि मागं सरायचं. मग कोणीतरी त्यावर पाणी शिंपडून उचलून न्यायचं. मी ते बघितलं तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेन. पुढं शिकलो, मोर्च्यांना गेलो, घोषणा दिल्या, घरात बाबासाहेबांचा फोटो लावला. आणि एसी ऑफिसात, समुद्रापलीकडे, माझ्या पायानं वडिलांचं पाऊल उचललं. मी सर्व्हेअर आहे, अंतर बघितलं की आकडा मनात येतोच. त्या कोपऱ्यापासून साहेबांच्या हातापर्यंत दोन फूट. ते दोन फूट मी लातूरहून विमानानं आणले होते.

हातात दिली असती तर माणूस म्हणतो, थांबा, पोच देतो. ठेवलेल्या वस्तूची पोच कोणी मागत नाही. मीही मागितली नाही.

उरलेल्यातले दोन चेक त्यांनी बँकेत टाकले. खात्यात पैसे नव्हते, घरी पाठवले होते. चेक परत गेले. इथं चेक वटला नाही की थेट पोलीस. आमच्या कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रं बघणारा माणूस, माझ्याबरोबर ठाण्यात आला. मी राहिलेलो नव्हतो त्या महिन्यांचं भाडं कंपनीकडून उचल घेऊन भरलं. केस मिटली. बँकेतला शेरा मिटला नाही. बँकेत एक मुलगी बसायची. माझा नंबर टाकला की तिचा चेहरा बदलायचा आणि ती स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवायची. चेकबुक मिळणार नाही. कार्ड नाही, कर्ज नाही. "घरमालकाच्या ऑफिसचं पत्र आणा, सर. काही तक्रार उरली नाही म्हणून." त्या पत्रासाठी मी साहेबांकडे जायचो. सुरुवातीला सांगितलं तो त्यातलाच एक दिवस.

सहा महिने देशाबाहेर राहिल्यावर बायको-लेकीचा व्हिसा गेला. नवा काढायला घराचा करार हवा. करार करायला चेक हवेत. चेकसाठी ते पत्र हवं. मी कंपनीच्या कॅम्पमध्ये सहा जणांच्या खोलीत राहायला गेलो.

शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला रस्ते रिकामे असायचे. तेव्हा मी गाडी घेऊन थुमामात जायचो आणि त्या व्हिलासमोर थांबायचो. लेकीनं खिडकीच्या काचेवर माशाचं स्टिकर चिकटवलं होतं. दुसरं कुटुंब राहायला आलं, पडदे बदलले, स्टिकर तसंच राहिलं. वरून विमान गेलं की माझी नजर आपोआप त्या खिडकीकडे जायची. कोणीतरी आतून हात करेल असं वाटायचं. वेडच ते. उतरून दार वाजवावं आणि नव्या भाडेकरूला सांगावं असं मनात यायचं, बाबा, किल्ली देशील तेव्हा हातात दे. कधी उतरलो नाही.

काही ठेवायची भीती बसली. साइटवर पेन ठेवलं, चहाचा ग्लास ठेवला की मी वळून बघायचो. आपण मागं सरलो का? सरलेलो असायचो. फोरमनसमोर, बँकेत, किराणाच्या दुकानात. आयुष्यभर सरत होतो, फक्त मोजलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी सुट्टीवर लातूरला गेलो. भाड्याचं घर, वर मालकीणबाई राहायच्या. मनानं चांगल्या. त्यांनी वाटीभर शिरा पाठवला होता. बायकोनं वाटी धुऊन लेकीकडे दिली. मी जिन्याच्या तळाशी चप्पल घालत होतो. लेक वर गेली. मालकीणबाई दारात उभ्या होत्या, हात पुढं केलेला. लेकीनं वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि एक पाऊल मागं सरली.

"अगं, हातात दे की," मालकीणबाई म्हणाल्या.

लेक तशीच उभी. पाच वर्षांची. तिनं पाटलाची ओसरी बघितलेली नाही. आजोबा तिच्या जन्माआधी वारले. तिला हे कोणी शिकवलं? मी. माझ्याकडे बघून शिकली, किराणाच्या दुकानात, थुमामात, कुठंतरी. मी एका पायात चप्पल घालून तसाच पायरीवर बसलो. बायकोला वाटलं, ऊन लागलं.

परत आल्यावर साहेबांचा निरोप आला. पत्र तयार आहे, ये. गेलो. एका कागदावर इंग्रजी आणि अरबी मजकूर, खाली माझ्या सहीची जागा. भाडेकरू न कळवता घर सोडून गेला, किल्ल्या परत केल्या नाहीत, ही चूक त्याला मान्य आहे. माणुसकीच्या नात्यानं त्याला माफ करून ऑफिस आपली तक्रार मागं घेत आहे.

"उद्या सही करून आण," साहेब म्हणाले. "पोरगी शाळेत जायची आहे ना तुझी? मग?"

बूथवरून बायकोला फोन केला, वाचून दाखवलं. ती म्हणाली, "करून टाका की सही. कागदच तर हाय. किती दिवस अशे दोन चुली करून राहायचं आपण?"

तिचं काय चुकलं? काहीच नाही. मी पेन काढलं. पुन्हा खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेब, अकाउंटंट आणि दोन भाडेकरू होते. रिकाम्या खुर्चीवर मी जाऊन बसलो. साहेबांनी भुवई उचलली.

"केलीस सही? ठेव तिथं."

मी उठलो. कागद हातात धरला आणि हात पुढं केला. टेबलावरून, त्या कोपऱ्यावरून, पूर्ण दोन फूट. कागद त्यांच्या छातीसमोर.

"ठेव म्हटलं ना."

"ठेवत नाही. घ्या."

सगळे बघत होते. एसीचा आवाज येत होता. दंडाला कळ लागली, तरी हात खाली घेतला नाही. शेवटी साहेबांनी दोन बोटांनी कागद घेतला. खाली बघितलं. सही नव्हती.

"किल्ली मी इथं ठेवली होती," मी हिंदीत म्हणालो, भाडेकरूंनाही कळावं म्हणून. "तुमच्या हातात दिली नाही, ती चूक माझी. कबूल करायला ती एकच आहे. दुसरी मी करणार नाही."

"तुझ्या बायका-पोरांचा तरी विचार कर," साहेब म्हणाले. मराठीत. हळू.

"तोच केला," मी म्हणालो आणि बाहेर पडलो.

बायकोला फोनवर सगळं सांगितलं, वाटीचंसुद्धा. ती म्हणाली, "हे मला आधी का नाई सांगितलं?" आणि तिनं फोन ठेवून दिला. त्या वर्षी त्या आल्या नाहीत. त्यानंतरही नाहीत. लेक लातूरच्या शाळेत मोठी झाली, मी वर्षातून एक महिना तिचा बाप. आता ती फोनवर मोजकंच बोलते. तिच्या मनात माझ्याबद्दल काय आहे, विचारायची माझी हिंमत नाही. मी बरोबर केलं असं मला रोज वाटत नाही. शेरा अजून आहे. टेबलाचा तो कोपरा अजून दिसतो, दाढी करताना, गाडी चालवताना.

भाड्याच्या तंट्यांसाठी अर्ज करता येतो असं मंदूबनं परवा सांगितलं. इतक्या वर्षांनी चालेल का, त्याला माहीत नाही. मी अर्ज लिहिला. अरबीत करून घेतला आणि लिहिणाऱ्याकडून शब्द न् शब्द वाचून समजून घेतला. किल्ली कुठं ठेवली, का ठेवली, मागं का सरलो, सगळं आहे त्यात. लिहिणारा म्हणाला, हे शेवटचं काढू या, कोर्टाला याचं काय. मी काढू दिलं नाही. खाली माझं पूर्ण नाव आहे, आडनावासकट, गावासकट.

रविवारी घेऊन जाणार आहे. कोर्टात अर्ज घ्यायच्या खिडकीतला माणूस म्हणेल, ठेवा तिथं. मी ठेवणार नाही. त्याचा हात पुढं येईपर्यंत उभा राहीन, आणि पोच घेतल्याशिवाय एक पाऊलही मागं सरणार नाही.