शेवटचं दीड पान

रोज सकाळी सहा-सात बायका एका टेबलाभोवती बसल्या की वाचन किती होतं हा प्रश्न वेगळा, किस्से मात्र साठतातच. फ्रीजवरच्या मॅग्नेटसारखे! कुठून कुठून येऊन चिकटतात, आणि एक दिवस बघावं तर दारच दिसत नाही. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठलेत. थोडे काढून ठेवते.

आधी एवढं सांगते, की मी अलिबागची, बेने इस्राएल. म्हणजे आम्ही कोकणातले ज्यू. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत आणि जेवणात भरपूर खोबरं. लग्न झालं आणि रूबेनच्या नोकरीपाठोपाठ न्यू जर्सीत आले. तो दिवसभर कोड लिहायचा, मी दिवसभर पिस्कॅटवेच्या अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग लॉट बघायचे.

एका शनिवारी प्रार्थनेला सिनगॉगमध्ये गेले, तिथे एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“तुला हिब्रू वाचता येतं?”

“थोडं.”

“गप्प बसता येतं?”

मी मान डोलावली.

“मग सोमवारपासून ये. बोलणाऱ्या आमच्याकडे खूप झाल्यात!”

ही हॅना. तिच्या डायनिंग टेबलवर बायकांचा गट तालमूद वाचतो. तालमूद म्हणजे धर्मशास्त्रावर जुन्या धर्मपंडितांनी, रब्बींनी, घातलेल्या वादांचे जाडजूड खंड. ते पिढ्यान् पिढ्या पुरुषांनीच वाचायचे. आम्ही त्यातला एक खंड घेतला होता, रोज एक पान. खंड पूर्ण झाला की सियूम करतात. शेवटच्या ओळी सगळ्यांसमोर वाचायच्या, मग खाणं आणि जल्लोष!

आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला नुसतं ‘हॅना’ म्हणायला माझी जीभ वळेना. पहिल्या दिवशी मी चाचरत ‘आंटी’ म्हटलं.

“मी कुणाची आंटी?”

मग मी तिला मावशी म्हणजे काय ते सांगितलं. आईची बहीण. आईला सांगता येत नाही ते जिला सांगता येतं ती. तिला ते इतकं आवडलं की आता अख्खा गट तिला ‘माउशी’ म्हणतो. हिशेबाने तिचा भाऊ सॉल माझा मामा लागतो, पण हे त्या बिचाऱ्याला अजून माहीत नाही.

* * *

आमच्या खंडाचं नाव ‘बेत्सा’. बेत्सा म्हणजे अंडं. खरंच! पहिल्याच पानावर वाद असा, की कोंबडीने सणाच्या दिवशी घातलेलं अंडं त्याच दिवशी खायचं की नाही? एक बाजू म्हणते खुशाल खा, दुसरी म्हणते हात लावू नका.

गटातली रेचल वकील आहे. तिने चष्मा वर सरकवला.

“पण त्या दिवशी सण आहे हे कोंबडीला माहीत होतं का?”

झालं! दोन दिवस कोंबडीवर. मग आणखी दोन दिवस, अंडं आदल्या रात्रीच तयार झालं असेल तर, यावर.

त्या आठवड्यात सकाळी रूबेनने विचारलं, “आज ऑम्लेट?”

मी म्हटलं, “अजून निकाल लागलेला नाही.”

त्याने मुकाट्याने सीरियलचा डबा काढला. नवीन लग्न होतं, नवरा अजून सगळं ऐकत होता.

* * *

रेचलच्या प्रश्नांचं कौतुक करावं तितकं थोडंच. पण त्यांच्यामुळे आम्ही कायम मागे. एकदा तिने डेंटिस्टच्या खुर्चीतून व्हिडिओ कॉल लावला. तोंडात कापूस, नळी, काय काय. डोळे मात्र प्रश्नांनी भरलेले.

त्या दिवशी पान अर्ध्या तासात संपलं.

मावशीने पुस्तक मिटलं आणि स्क्रीनकडे बघून गोड आवाजात म्हणाली, “रेचल, डार्लिंग, तुझी पुढची अपॉइंटमेंट कधी आहे?”

* * *

आमच्या शेजारी सबनीस काकू राहतात, मूळच्या नागपूरच्या. एकदा त्यांनी लिफ्टमध्ये गाठलंच.

“रोज सकाळी सकाळी कुठे गं जातेस?”

“काकू, आम्ही बायका मिळून धर्मग्रंथ वाचतो. रोज एक पान.”

“म्हणजे पारायण!”

“तसंच काहीसं. पण आम्ही मध्ये मध्ये भांडतो.”

“एकमेकींशी?”

“एकमेकींशी, ग्रंथाशी, ग्रंथातल्या लोकांशी.”

काकूंनी क्षणभर विचार केला. “बरंय बाई. आम्हाला नुसती झोप येते.” लिफ्टचं दार उघडलं, तरी त्या बाहेर पडेनात. “आणि उद्यापन कधी?”

* * *

मावशी हे सगळं का करते, ते एका सकाळी कळलं. बर्फामुळे बाकीच्या आल्या नव्हत्या. मी जवळच राहते, म्हणून चालत पोचले. तिने चहा केला आणि स्वतःहून सांगायला लागली.

ती लहान असताना वडील रोज संध्याकाळी सॉलला तालमूद शिकवायचे. ही दाराआडून ऐकायची. सॉलने प्रश्न विचारला की हिचे कान टवकारायचे. आणि नेमकं तेव्हाच वडील हाक मारायचे, “हॅना, चहा आण!”

ती धावत जायची, धावत यायची. पण तोवर सॉल एक घोट घेऊन म्हणायचा, “साखर कमी आहे.” की परत किचन!

“लहानपणीचे सगळे प्रश्न मला पाठ आहेत,” मावशी म्हणाली. “उत्तरं एकही माहीत नाही. उत्तर यायचं तेव्हा मी साखरेच्या डब्यापाशी असायचे.”

आता सॉलमामा एक्याऐंशीचा, आमच्याच सिनगॉगमधल्या पुरुषांच्या गटाचा प्रमुख. आम्ही खंड हातात घेतला तेव्हा त्याने फोन करून विचारलं होतं, “किती दिवस टिकणार तुम्ही?”

मावशीने फोन ठेवला आणि ठरवलं की हा खंड पूर्ण करायचा, शेवटची ओळ स्वतः वाचायची, आणि ती सॉलने समोर बसून ऐकायची.

पण त्याला समोर आणणार कसं? बहिणीच्या सियूमला तो पाऊल टाकणार नव्हता. तसं त्याने सांगूनही टाकलं होतं.

* * *

त्याला आणलं भुकेने!

पेसाहच्या सणाच्या आदल्या दिवशी घरातल्या थोरल्या मुलाने उपास करायचा असतो. पण त्या सकाळी कोणी खंड पूर्ण केला आणि हा तिथे हजर असला, तर उपास सुटतो. आनंदाचं जेवण मोठं, उपास लहान. त्यामुळे सगळ्या सिनगॉगमधले थोरले त्या सकाळी सियूमला येऊन बसतात. दरवर्षी हा सियूम सॉलमामाचा गट करायचा. या वर्षी त्यांचं वाचन फुटबॉलच्या सीझनमध्ये जे मागे पडलं, ते पुढे सरकलंच नाही.

एका संध्याकाळी मावशीचा फोन वाजला. मी तिथेच होते.

“हॅना,” सॉलमामा खाकरला, “तुमचं कुठपर्यंत आलंय?”

“का? टिकलोय अजून!”

बायकांचा सियूम चालेल का म्हणून त्याने आमच्या सिनगॉगच्या रब्बींनाही विचारून बघितलं. रब्बी म्हणाले, “पूर्ण करणाऱ्याने समजून पूर्ण केला पाहिजे, एवढीच अट. हॅनाला विचारून बघ, तुमच्या गटापेक्षा जास्तच समजलं असेल.”

त्या रात्री आमच्या ग्रुपवर इतके मेसेज आले की माझा फोन टेबलावरून थरथरत खाली पडला!

* * *

उद्यापनाची जबाबदारी माझ्याकडे. मी सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात म्हटलं, “मी मलिदा करते.” माझं त्या गटातलं ते सर्वांत लांब भाषण.

आमच्यात काही चांगलं पार पडलं की एलियाहू हानाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, वर फळं. सबनीस काकू गाडी काढून मला आयसेलिनच्या देशी बाजारात घेऊन गेल्या. दुकानात पोह्यांच्या पिशव्या दाबून बघत त्यांनी विचारलं, “सवाष्णी किती सांगितल्यास?”

“काकू, जेवायला पुरुष आहेत. ते उपाशी बसणार, बायका वाचणार, आणि वाचून झालं की त्यांना खायला मिळणार.”

काकूंच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

“अगंबाई! हे तर फारच चांगलं आहे. आमच्यात कोणी सुरू का नाही केलं?”

* * *

आणि ती सकाळ! हॉलमध्ये पन्नासेक थोरले मुलगे, काही विशीतले, काही टक्कल पडलेले. माझा रूबेनही त्यातलाच. मागच्या टेबलावर बेगल, चीज, मासे आणि मधोमध माझा मलिदा, सगळं झाकलेलं. साडेदहाच्या आत बेगलचा शेवटचा तुकडा पोटात जायला हवा, कारण नंतर सणाचे नियम लागतात आणि पाव बंद. आणि रेचलच्या कृपेने आमचं अजून दीड पान बाकी!

मावशीने केस सेट करून घेतले होते. नवा निळा ड्रेस. समोर पहिल्या रांगेत सॉलमामा, हाताची घडी घालून.

मावशी वाचायला लागली. एकदा रेचलने तोंड उघडलं. पन्नास उपाशी पुरुषांनी एकदम वळून तिच्याकडे बघितलं. रेचलने तोंड मिटलं! आम्ही हे पहिल्यांदाच बघत होतो.

शेवटचं पान गुरांचं आहे. दिवसभर लांब चरून रात्री गावात परततात ती घरची. मुक्कामच बाहेर करतात ती रानातली. मावशी एकेक ओळ वाचून अर्थ सांगत होती. दहा वाजून गेले. शेवटची ओळ उरली.

आणि पहिल्या रांगेतून एक हात वर गेला. सॉलमामाचा!

“हॅना, एक छोटासा प्रश्न.”

मागे कोणीतरी कण्हलं. बहुतेक रूबेन.

“गाय घरीच यायला निघाली होती,” सॉलमामा म्हणाला, “पण वाटेतच रात्र झाली. मग ती घरची की रानातली?”

मावशीने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“चांगला प्रश्न आहे, सॉल,” ती म्हणाली. “आधी चहा आण.”

सॉलमामा तिच्याकडे बघत राहिला. मग गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि किचनकडे गेला.

दार बंद झाल्याबरोबर मावशी आमच्याकडे वळली आणि तिने उत्तर सांगितलं. हळू आवाजात, नीट, दोन्ही बाजूंनी. रेचलसुद्धा “ओह!” म्हणाली.

सॉलमामा दोन्ही हातांत कप धरून आला. सकाळपासून त्याच्या स्वतःच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. त्याने कप तिच्यापुढे ठेवला.

“मग? उत्तर काय?”

मावशीने एक घोट घेतला.

“साखर कमी आहे.”

कोपऱ्यात उभ्या रब्बींनी घड्याळाकडे बघितलं आणि पटकन छताकडे.

सॉलमामा वळला. या वेळी तो साखरेचा अख्खा डबाच घेऊन आला. डबा टेबलावर ठेवला, पण पहिल्या रांगेत परत गेला नाही. माझ्या शेजारची रिकामी खुर्ची ओढून आमच्यातच बसला.

“आता वाच,” तो म्हणाला.

मावशीने दोन चमचे साखर घातली. ढवळली. पुस्तक त्याच्या बाजूला थोडंसं सरकवलं. मग बोट ठेवून तिने शेवटची ओळ वाचली. अगदी सावकाश!