डोळे मिटलेले फोटो

माझा मामा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागची दांडी गरम करून वाकवायची आणि "डोळे" म्हणायचं, म्हणजे समोरच्याने सरळ बघायचं. हा शब्द त्याच्या जिभेवर इतका बसला होता की फोटो काढतानाही तोच निघायचा. बाकीची माणसं "हसा" म्हणतात. मामा म्हणायचा, "डोळे." आणि ते ऐकलं की मामीचे डोळे गपकन मिटायचे.

"अगं, उघडे ठेव म्हणून सांगतोय ना."

"तुम्ही सांगता म्हणून तर मिटतात. एकदा गप्प राहून काढून बघा."

पण गप्प राहणं मामाच्या पत्रिकेतच नव्हतं.

डोळे मिटलेला फोटो तो ठेवत नसे, लगेच पुसून टाकायचा. "डोळे मिटले" असं आपण कुणाबद्दल म्हणतो, एवढं कारण त्याला पुरे होतं. मामी हसायची. "मिटायचे तेव्हा मिटतील. तुमच्या बटणाला विचारून थोडेच मिटणार आहेत?"

निवृत्त झाल्यावर त्याने नवा कॅमेरा घेतला आणि आम्ही तिघं तळ्याकाठी सुट्टीला गेलो. मामीने केस रंगवणं नुकतंच सोडलं होतं. त्या पांढऱ्या केसांना शोभेल असा चष्मा मामाने स्वतः निवडून, घासूनपुसून तिला बसवून दिला होता. आता या रूपातला एक फोटो बैठकीच्या खोलीत लावायचा, हे त्याच्या मनाने घेतलं होतं. भिंतीवर लग्नातला होता, पण मामा म्हणायचा, "ती मुलगी मला आता ओळखणारसुद्धा नाही." इतरांच्या फोनमध्ये मामी असायची, पण कडेला, अर्धी, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत.

सुट्टीभर मामा "डोळे, डोळे" करत तिच्या मागे होता आणि ती मिटत होती. संध्याकाळी लॉजच्या खाटेवर बसून तो एकेक फोटो बघायचा आणि पुसायचा. मी म्हटलं, "मामा, राहू दे की एखादा." तो म्हणाला, "नापासाला वरच्या वर्गात ढकलायचं नसतं."

शेवटच्या दिवशी होडीत बसलो. मामी समोर होती, ऊन तिच्या तोंडावर होतं. मामा "डोळे" म्हणाला आणि काय झालं कोण जाणे, तिने ते उघडे ठेवले. टक्क उघडे. मामाने बटण दाबलं, त्या आनंदात तो मागे रेलला, होडी कलली आणि कॅमेरा हातातून सुटला. गळ्यातला पट्टा त्यानेच काढून ठेवला होता, फोटोत मधे येतो म्हणून. मामीने हात पुढे केला, पण कॅमेरा पाण्यात गेला होता. काठाजवळच होतो, म्हणून होडीवाल्याने उतरून तो काढून दिला.

लॉजच्या स्वयंपाक्याकडून तांदूळ मागून मामाने कॅमेरा डब्यात पुरला. ओल ओढून घेतात म्हणे.

"तीन शिट्ट्या झाल्या की काढा," मामी म्हणाली.

मामा हसला नाही. "आला होता गं. उघडे आले होते."

"मग काय झालं? मी आहे ना इथेच. घरी गेल्यावर पुन्हा काढा."

घरी गेल्यावर मामी आजारी पडली. डबा कपाटात गेला. दुखण्यातल्या माणसापुढे कॅमेरा कोण धरतो? आणि दुखणं वाढतच गेलं.

मामी गेल्यावर बऱ्याच दिवसांनी मामाने तो डबा बाहेर काढला. दुरुस्तीवाल्याकडे मी सोबत गेलो. त्याने कॅमेरा उघडला तेव्हा आतून तांदळाचे दाणे टेबलावर पडले. मामा ते एकेक वेचून खिशात टाकू लागला.

"कॅमेरा संपला," दुरुस्तीवाला म्हणाला. "कार्डात काही असेल तर बघतो. पण काका, कार्ड खणायचं म्हणजे पुसलेलंसुद्धा वर येतं. तुम्हाला कुठला हवा?"

"शेवटचा."

शेवटचा आला. तो कार्डावर उतरत असतानाच कॅमेरा बुडाला होता, आणि त्यातला एक तुकडाच शाबूत राहिला होता. फोटोचा वरचा भाग सगळा करडा, सपाट. खाली मामीची हनुवटी, गळा, मांडीवरची पिशवी. डोळे असायला हवेत तिथे काहीच नव्हतं.

मामाने पडद्याच्या त्या करड्या भागावर बोट ठेवलं, पुसल्यावर निघेल असं वाटून. मग रुमालाने पुसलंही.

त्यानंतर बाकीचे वर येऊ लागले, सगळे नापास. मामी पायरीवर, मामी लॉजच्या दारात, मामी चहाचा कप धरून. पांढरे केस, नवा चष्मा आणि प्रत्येकात डोळे मिटलेले. काहींत ती हसू दाबत होती. मामा खुर्ची पुढे ओढून बघत राहिला.

"तेव्हा नीट बघितलेच नव्हते," तो म्हणाला. "मिटलेले दिसले की पुसायचो."

आता बैठकीच्या खोलीत चहाच्या कपवाला फोटो आहे. परवा एक पाहुणा आला आणि बघून चपापला. हळूच म्हणाला, "हा... त्या गेल्यानंतरचा का?"

मामाने उठून भिंतीवरची तिरकी फ्रेम कानामागची दांडी सरळ करावी तशी सरळ केली.

"छे हो," तो म्हणाला. "मी 'डोळे' म्हटलं होतं."