पूर्ण झूमवरचा फोटो

हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर पक्ष्यांचे फोटो काढायला आम्ही चार-पाच हौशी माणसं जमायचो. आमच्यात एक निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांचा सुपरझूम कॅमेरा लांबचा कुरव पक्षी अगदी जवळ आणायचा, पण पिसं रंग फासल्यासारखी दिसायची. आम्ही हसलो की ते शांतपणे म्हणायचे, "सेन्सर नखाएवढा हाय, तो तरी काय करील? लांबचं दिसतं, एवढं पुरे."

गेल्या वर्षी एक होडी परत आली नाही. त्या सकाळी ती खाडीबाहेर पडताना मास्तरांनी कॅमेऱ्यात टिपली होती. होडीवाल्याची बायको फोटो मागायला आली. पूर्ण झूमवर त्याचा चेहरा म्हणजे नुसते दाणेदार ठिपके होते. मी म्हणालो, "कॉम्प्युटरवर चेहरा स्पष्ट करून देतो."

"नको," मास्तर पहिल्यांदाच कडक आवाजात बोलले. "मशीन आपल्या मनाचे नाक-डोळे घालील. तिच्या घरात परका माणूस टांगायचा न्हाय."

त्यांनी फोटो होता तसाच छापून दिला. तिने तो बराच वेळ पाहिला.

"ह्येच हायेत," ती म्हणाली. "कमरेवर हात ठेवून असेच उभे राहायचे."