राखणदाराची वाटणी

बाबीकाका धुरींशी माझं पहिलं बोलणं भांडणानं झालं. कांदिवलीच्या चाळीत आम्ही राहायला येऊन आठच दिवस झाले होते. खालच्या अंगणात वाळत घातलेल्या माझ्या पांढऱ्या चादरीवर सकाळी सकाळी चहाचे डाग पडले. वर पाहिलं तर गॅलरीत बंडी घातलेला एक काटकुळा माणूस बशी कलती धरून उभा. दिसत नाही का, असं मी तिथूनच विचारलं. तो खाली आला, चादर ओढून काढली, नळावर धुतली, पिळून पुन्हा दोरीवर टाकली आणि म्हणाला, "बाय, चाय तुझ्यावर नाय टाकलंय. तेची वाटणी होती. वारो मधी इलो."

'तो' म्हणजे राखणदार. जागेची राखण करणारा देव. तळकोकणात प्रत्येक वाडीला, प्रत्येक बांधाला असा एक असतो. बाबीकाका चहा प्यायले की पहिला घोट त्याचा. जेवायला बसले की पहिला घास खिडकीबाहेर. आंबा कापला की पहिली फोड कावळ्याला, आणि कावळ्यातर्फे त्याला. मी पुण्याकडच्या कोरड्या घरातून आलेली. मला हे सगळं अजब वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडं अस्वच्छही.

गिरणीत त्यांनी बॉयलरवर सव्वीस वर्षं काढली होती. गिरणी बंद पडल्यावर ते एका गोदामावर रखवालीला लागले. घरावरून भावाशी बिनसलं, म्हणून गावी जाणं थांबलं होतं. गावच्या राखणदाराला वर्षातून एकदा कोंबडं आणि दारू द्यायची असते. ते चुकू नये म्हणून त्यांनी आरे कॉलनीत, गोठ्यांच्या मागे, एक जुनं जांभळाचं झाड हेरलं होतं. तिथं शिमग्याआधीच्या एखाद्या रविवारी चाळीतले चार-पाच मालवणी पुरुष जात आणि राखण देऊन येत.

एके दिवशी ते माझ्या दारात आले आणि थर्मामीटर मागितला. मी औषधांच्या कारखान्यात स्टोअरला होते, म्हणून. ताप कोणाला आलाय विचारलं तर म्हणाले, कोणाला नाही, मळीला. मग शांतपणे सगळं सांगितलं. विकतची बाटली राखणदाराला द्यायला त्यांचं मन घेत नव्हतं. "परक्या हाताची तेका कशी देव? माझो मामा सोता काढी." मामाला काढताना त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. स्वतः कधी काढली नव्हती. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते रम करायला शिकत होते.

कायद्यानं हे चालत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण अर्धवट माहितीवर कोणी काम करत असेल तर मला गप्प बसवत नाही. मी थर्मामीटर दिला, मोजायचा काचेचा ग्लास दिला आणि एक वही सुरू केली. प्रत्येक खेपेला नंबर, मळी किती, पाणी किती, किती दिवस ठेवली, काय बिघडलं. बाबीकाका वहीकडे बघून हसायचे. "गो, दारू लिवून होता काय?" पण पुढची खेप लावताना तेच विचारायला यायचे, मागच्या वेळी खमीर किती घातलं होतं.

मळी आरेच्या गोठ्यातून यायची. तिथं गुरांच्या पेंडीत मिसळायला साखर कारखान्यातल्या मळीची पिंपं येत, आणि पेंडीवर काम करणारा त्यांच्या गावचा होता. तो एक डबा भरून देई. बाबीकाका तो डबा मांडीवर घेऊन बसमधून आणत, अंगावर काळे ओघळ घेऊन. पहिल्या खेपेला त्यांनी मळीचं पाणी गरम असतानाच बेकरीतलं खमीर टाकलं आणि ते मेलं. दुसरी उतू गेली आणि जिन्यावर खालपर्यंत मुंग्यांची रांग लागली. तिसरी करपली. चौथी आंबट झाली, इतकी की काकींनी ती लोणच्यात घालू का विचारलं.

काढायचं काम रविवारी सकाळी, नळाला पाणी असेपर्यंतच व्हायचं, कारण तांब्याची नळी सतत गार ठेवावी लागे. कुकरची शिटी काढून तिथं नळी बसवलेली, फटीला कणकेचा लेप. बॉयलरवरचा माणूस असल्यानं वाफेशी ते फार अदबीनं वागत. स्टोव्ह मोठा करू द्यायचे नाहीत. "वाफेक घाई केलंस तर ती तुझी घाई करतली," असं म्हणत. वास बाहेर जाऊ नये म्हणून काकी त्याच वेळी बांगडे तळायला घेत. आमच्या चाळीत रविवारी साडेसातला बांगडे का तळले जातात, याचं कोडं बाकीच्या बिऱ्हाडांना शेवटपर्यंत सुटलं नाही.

पाचवी खेप साधली. नळीच्या टोकाशी थेंब धरला, मग बारीक धार लागली. वाटीभर जमल्यावर बाबीकाकांनी ती वाटी उचलली, खाली अंगणात नेली आणि तुळशीपलीकडच्या मातीत ओतून दिली. मला धक्काच बसला. पाच खेपांची मेहनत, आणि त्यातलं सगळ्यात कडक मातीत. मी म्हटलं, काका, नमस्कारापुरतं चमचाभर ओता की. ते म्हणाले, "ती तेची वाटणी. माणसान तेका हात लावचो नाय. मामान सांगल्यान हा." मामाने कारण सांगितलं होतं का, ते मी विचारलं नाही. कारखान्यात आमच्या वरच्याच मजल्यावर रसायनांची प्रयोगशाळा होती. तिथंही मी विचारलं नाही.

माझ्यासारखंच दुःख आणखी एकाला झालं होतं. काकींचा धाकटा भाऊ सदा. तो त्यांच्याकडेच राहायचा, सुतारकाम करायचा, चांगलं करायचा, पण आठवड्यातले तीन दिवस. उरलेले दिवस पिण्यात जायचे. डोळे पिवळे झालेले, पोट सुटलेलं. बाबीकाका त्याला थेंबही देत नसत. गॅलरीच्या कठड्याला टेकून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "भावजी, पयल्या धारेची जमनीक पाजतास आणि आमका वासार ठेवतास? खयचो न्याय ह्यो?" चाळ हसायची. पहिल्या धारेची म्हणजे सगळ्यात अस्सल, हे चाळीतला प्रत्येकजण मानत होता. मीही.

सहाव्या खेपेला बाबीकाका स्टोव्हपाशी अडकले होते. त्यांनी पहिली वाटी माझ्या हातात दिली आणि खाली ओतून यायला सांगितलं. मी खाली गेले. वहीत 'टाकले' असा एक रकाना होता आणि दर खेपेला तो मला टोचायचा. मी तुळशीपलीकडे पाणी ओतलं, आणि वाटीतलं माझ्या खोलीत नेऊन कारखान्यातून आणलेल्या तपकिरी बाटलीत भरलं. स्टोव्ह पुसायला, काचा पुसायला स्पिरिट होईल, एवढाच विचार. सवयीनं लेबल लावलं. माझ्या अक्षरात, ठळक: 'खेप ६, पहिली धार'. ओट्याखाली ठेवून दिली.

पुढच्या आठवड्यात आमच्या मोरीचं दार निसटलं. मी कामावर जाताना रोजच्यासारखं बाळाला काकींकडे सोडलं, किल्लीही ठेवली आणि सदाला दार बसवायला सांगा म्हटलं. त्यानं दार बसवलं, उत्तम बसवलं. ओट्याखाली त्याला काय दिसलं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळपाळी सुटून चारच्या सुमारास मी चाळीत शिरले तर अंगणात माणसं जमलेली. सदा जिन्याखाली आडवा होता. त्याला उलट्या होत होत्या आणि दिसत नाही, दिसत नाही, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. टॅक्सी आणायला कोणीतरी धावलं होतं. बाबीकाका जरा बाजूला उभे होते. त्यांच्या हातात ती तपकिरी बाटली होती, रिकामी. अंगठ्याच्या नखानं ते लेबल खरवडत होते. घाई न करता, कोपऱ्यापासून, कागदाच्या गोळ्या करून करून. मी दिसले तसे थांबले. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "वर जा गो. बाळ उठला असतला." मग पुन्हा खरवडायला लागले.

तिसऱ्या दिवशी सदा इस्पितळातच वारला. डॉक्टरांचं म्हणणं, यकृत आधीच संपलेलं होतं. त्या बाटलीनं झालं की त्याशिवायही झालंच असतं, हे सांगता येणार नाही. पोलीस आले. बाबीकाकांनी त्यांना जिन्यावरच सांगितलं की दारू मी काढली, माझ्या घरातली आहे, दुसरं कोणी यात नाही. कुकर, नळी, सगळं स्वतः आणून पुढ्यात ठेवलं. दोन दिवस ते चौकीत होते. त्या दोन दिवसांत मी वही फाडून बंबात घातली. गप्प राहण्याची माझ्याकडे कारणं होती: बाटली कारखान्याची होती, नोकरी गेली असती, मूल दोन वर्षांचं होतं. एकही कारण खोटं नव्हतं.

नंतर एकदा जेवणाच्या सुट्टीत मी प्रयोगशाळेतल्या बाईंना सहज विचारावं तसं विचारलं. त्या म्हणाल्या, सुरुवातीला जे निघतं त्यात नको ती द्रव्यं आधी उडून येतात, ते टाकूनच द्यायचं असतं. अर्ध्या मिनिटाचं उत्तर होतं.

काकी माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलत. भावाला दारू नवऱ्यानं दिली, असं त्या धरून चालल्या होत्या, आणि नवऱ्याशी मात्र त्या बोलेनाशा झाल्या. ताट वाढायच्या, सरकवायच्या, आत जायच्या. खाली माझ्या खोलीत मला ताट सरकल्याचा आवाज येई आणि त्यामागे काहीच येत नसे. मोरीचं दार मी दिवसातून दहादा उघडायचे. ते जराही कुरकुरत नव्हतं. दुपारी खोलीत एकटी असले की ओट्याशी कोणीतरी वाकून बघतंय असं वाटायचं, आणि मी वळून बघायची नाही. तीनदा मी बाबीकाकांशी बोलायचं ठरवून वर गेले. तिन्ही वेळा मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "पानी इला काय गो खाली?" मी आलं म्हणाले आणि परत आले.

शिमगा जवळ आला. राखणीला बायका जात नसत, पण त्या वर्षी बाबीकाकांनी मला निरोप धाडला की तू ये. काकीही आल्या. वर्षभरात पहिल्यांदाच त्या नवऱ्याबरोबर कुठे निघाल्या होत्या, तीन पावलं मागून. आरेत बसमधून उतरून आम्ही गोठ्यांच्या मागे गेलो. भर दुपार, पण झाडाखाली गार होतं. शेणाचा आणि मळीचा वास येत होता. कोंबडं होतं, नारळ होता. दारू नव्हती. वाटीत नळाचं पाणी होतं. कोणीतरी कुजबुजलं तेव्हा बाबीकाका म्हणाले, यंदा एवढंच.

मग ते झाडासमोर उभे राहिले आणि गाऱ्हाणं घालायला लागले. गाऱ्हाण्याची रीत अशी की एकानं देवाला सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी मिळून होकार द्यायचा. होकार दिला की ते सगळ्यांचं म्हणणं होतं.

"बा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा, लेकरांनी आज पानी ठेवलानी हा. गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा."

"सदाक तुझ्या पायाकडे जागो दे."

"व्हय म्हाराजा." काकींचा आवाज त्यात होता.

बाबीकाका थांबले. डोळे मिटलेलेच होते.

"तुझी वाटणी तुका पोचली नाय. ती चूक माझ्या हातची. दुसऱ्या कोणाची न्हय. जा काय भोगूचा आसात, ता माझ्या पदरात घाल."

काकींनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. पुरुष एका सुरात व्हय म्हाराजा म्हणाले. मी म्हणाले नाही. बाबीकाका पुढे गेले नाहीत. सगळे वाट बघत होते, आणि तेही. कोंबडं फडफडून गप्प झालं. त्या क्षणी पुढे होऊन, ती चूक माझी होती, असं म्हणता आलं असतं. चार शब्द होते, ऐकायला काकी समोर उभ्या होत्या. बाबीकाकांनी डोळे न उघडता हळूच म्हटलं, "म्हण गो."

मी म्हणाले, "व्हय म्हाराजा."

पुढच्या शिमग्याच्या आधीच ते गेले. झोपेत, काही दुखलंखुपलं नाही. काकी शेवटपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.