माळाची मालकीण

घाटकोपरच्या या बिल्डिंगमध्ये मी राहायला आले त्याच दिवशी लिफ्ट बंद होती. जिन्यात धापा टाकत उभी होते, तेवढ्यात वरून एक ठेंगणी, सावळी बाई उतरत आली. तिनं न विचारता माझ्या हातातली जड पिशवी घेतली आणि पुन्हा वर चढायला लागली. "मी कौसल्या. तुझ्या समोरच्याच दारात राहते. जमीनदार आहे मी." मला वाटलं, चेष्टा करतेय. झोपड्या पाडून बांधलेल्या या बिल्डिंगच्या खुराड्यांत कसली आलीय जमीनदारी! पण बाईचा चेहरा एकदम सीरियस.

पुढं कळलं की ती हे सगळ्यांनाच सांगते. वॉचमनला, गॅसवाल्याला, वर्गणी मागायला आलेल्या पोरांना. कौसामावशी पवईच्या एका ऑफिसच्या कँटीनमध्ये मोठमोठी पातेली घासायची. सकाळी निघताना कुणी म्हटलं, "मावशी, पळ, बस जाईल," तर पदर खोचत म्हणायची, "जमीनदाराला घाई नसते रे." आणि मग बससाठी जी धावायची, विचारू नका.

जमीन खरोखरच होती. जालन्याकडं तिच्या माहेरी, गावाबाहेरचा माळ. गावानं तिच्या आजोबाच्या पदरात मुद्दाम टाकलेला, कारण तिथं काही पिकत नव्हतं. दगड, कुसळं आणि ऊन. वडील वारले तेव्हा तलाठ्यानं वारस म्हणून सातबाऱ्यावर दोघांची नावं लावली. तिचं आणि धाकट्या भावाचं, सुदामचं. "काय करायचाय तो माळ?" मी एकदा विचारलं. तर म्हणाली, "दगड का असंना, माझा हाय."

मला त्यात एवढं काय ते तेव्हा समजलं नाही. हळूहळू समजलं. ती राहायची ती खोली दिराच्या नावावर. नवरा लवकर गेला, दिरानं राहू दिलं, म्हणून राहिली. लाइटबिल दिराच्या नावानं यायचं. दारावरची पाटीसुद्धा त्याचीच. मुलगी वर्षा लग्न होऊन मुलुंडला गेली, तिचं घर तिच्या सासऱ्यांचं. एवढ्या मोठ्या मुंबईत कौसामावशीचं नाव कुठंच नव्हतं. ते होतं फक्त त्या माळावर.

आणि नेमक्या त्याच माळाला एक दिवस भाव आला. एक कंपनी गावात आली. तिला सोलर पार्कसाठी पडीक जमीन हवी होती. सपाट, झाडझाडोरा नसलेली. जमीन विकायची नाही, लांबच्या मुदतीनं भाड्यानं द्यायची. मावशीनं मला दारातच गाठलं. डोळे नुसते चमकत होते. "स्मिता, ऐकलंस का? आमच्या माळावर जन्मभर ऊनच पिकलं. आता त्याला गिऱ्हाईक आलंय गं!"

आठवड्याभरात सुदाममामा आले. टोपी, धोतर, हातात साडीची पिशवी. मावशीनं सुकटीची चटणी केली, भाकऱ्या थापल्या, मलाही जेवायला बसवलं. "घे की रे अजून, वाळलायस किती," असं म्हणत त्यांना पोटभर वाढलं. जेवण झाल्यावर मामांनी साडी पुढं ठेवली आणि साडीवर एक कागद.

"आक्का, हक्कसोड आहे. अंगठा कर, म्हंजे माझ्या एकट्याच्या नावानं करार हुईल. कंपनीवाले म्हणत्यात, एकच नाव असलं की काम सोपं."

रीतच आहे ती. बहिणीनं हक्क सोडायचा, भावानं साडी नेसवायची. गावातल्या सगळ्या लेकीबाळींनी सोडला होता. मावशीनं साडीवरून हात फिरवला. रंगही तिच्या आवडीचा, जांभळा होता. मग तिनं ती कागदासकट मामांकडं सरकवली.

"भाडं सगळं तू घे, सुदाम. मला त्यातलं काय नको. पण नाव माझं ऱ्हाऊ दे."

"लोक काय म्हणतील? बहिणीनं वाटा मागितला म्हणतील. गावात तोंड कसं दावू?"

"वाटा कुठं मागतेय मी? नाव म्हणतेय."

"तुला भाऊ पायजे का माळ पायजे, एकदाच सांग."

मावशी खरकटी ताटं उचलायला लागली. मामा उठले. साडी तिथंच राहिली, कागद घेऊन गेले. मला इतका संताप आला! म्हटलं, "जाऊ दे गं मावशी, असला भाऊ काय कामाचा." तर माझ्यावरच खेकसली, "गप बस. माझ्या कडेवर वाढलाय तो."

मग फोन बंद झाले. मावशी रोज कामावरून आली की फोन हातात घेऊन बसायची, नाव काढायची आणि परत ठेवून द्यायची. जमीनदारीचं बोलणंही बंद झालं. एकदा म्हणाली, "स्मिता, वाट लागली गं माझी. नाव ठेवलं तर माहेर जातंय आन् माहेर ठेवलं तर मी कुठंच उरत न्हाई." मी तिच्याजवळ बसून राहिले.

गावात आजूबाजूच्या सगळ्यांचे करार झाले. मधला हा माळ अडकला. शेवटी भाच्याचा फोन आला, "आत्या, सही करायला ये. मालक म्हणून." बाप काय म्हणतो, ते तो बोलला नाही. वर्षाचं मूल तान्हं होतं, म्हणून मावशीबरोबर मी गेले.

तालुक्याच्या नोंदणी ऑफिसात मामा आमच्याकडं पाठ करून बसले होते. मावशीनं "जय भीम" केला. त्यांनी नुसती मान हलवली. नाव पुकारल्यावर ती टेबलाशी गेली. फोटो झाला. अंगठा मात्र मशीन घेईना. पुसला, परत ठेवला. डावा ठेवला, उजवा ठेवला. काही नाही. क्लार्क वैतागला, "बाई, रेषाच नाहीत तुमच्या बोटाला." कंपनीचा माणूस लगेच मामांच्या कानाशी लागला. म्हणाला, "काका, नाहीतरी अडलंय. हक्कसोडीचंच बघा ना परत. तिथं अंगठा एकदाच लागेल, पुढं दर कागदाला ही रखडपट्टी नको. समजवा त्यांना."

मावशीनं मान खाली घातली होती. आता तिच्यात भांडायचं बळ उरलं नव्हतं. तिला कुणी जरा दामटलं असतं, तर तिनं सगळं सोडून दिलं असतं.

मामा उठले. तिचा हात हातात घेऊन उजेडाकडं धरला. अंगठा गुळगुळीत झाला होता.

"ह्ये काय झालं गं, आक्का?"

"भांडी रे. सोड्याचं पाणी असतंय."

"इतकी वर्सं?"

"मग काय."

मामांनी टोपी काढली. तिचा अंगठा आपल्या तेल लावलेल्या केसांवरून दोनदा फिरवला, मग मशीनवर ठेवला आणि वरून स्वतःच्या हातानं दाबून धरला. "घेतंय का बघा आता, सायेब. न्हाई घेतलं तर परत ठिवू. पण आक्काचा अंगठा घेतल्याबिगर आम्ही हलणार न्हाई." मशीननं घेतला. कंपनीचा माणूस बाहेर चहा प्यायला निघून गेला. बहीणभाऊ तिथंच, सगळ्या ऑफिससमोर, एकमेकांना धरून रडले. मीही रडले, लपवण्यासारखं काय आहे त्यात.

परतीच्या एसटीत मावशी त्याच जांभळ्या साडीत होती आणि कंडक्टरला सांगत होती की ती जमीनदार आहे.

पुढं माळावर पॅनल लागले तेव्हा ती जाऊन बघून आली. "लई झकास दिसतंय," एवढंच म्हणाली. भाडं तिनं कधी घेतलं नाही. मामा मात्र दर सुगीला ज्वारीचं पोतं घेऊन यायचे. तिनं कितीही शिव्या घातल्या तरी यायचे.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. साधा ताप म्हणता म्हणता न्यूमोनिया झाला. मला अजूनही समोरचं दार उघडलं की तीच बाहेर येईल असं वाटतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाहुणे पांगल्यावर सुदाममामांनी वर्षाला जवळ बोलावलं आणि पिशवीतून एक कागद काढला. वर्षानं तो बघितला आणि तिचा चेहरा कसनुसा झाला.

"मामा, द्या, सही करते. माझं काय काम तिथं? तुमचंच आहे सगळं."

"आधी वाच तरी," मामा म्हणाले. "हक्कसोड न्हाई ती. वारस नोंदीचा अर्ज हाय, तलाठ्याकडं द्यायचा. आक्काचं नाव निघतंय, त्या जागी तुझं लावायचंय."

"पण मामा, लोक..."

"लोकांचं मी बघतो," मामा म्हणाले आणि पेन तिच्या हातात दिलं. "तू नाव लिही. पुरं लिही, तुझं, मग आक्काचं."